मागच्या सीटवरचं वजन

आमच्या नणंदबाईंना सगळे मेट्रनच म्हणतात. मोठ्या हॉस्पिटलात उभा जन्म मेट्रन म्हणून काढला त्यांनी. भलेभले सर्जन हात धुऊन आले की ते त्यांच्यापुढे लहान मुलांसारखे उलटेपालटे करून दाखवायचे, असं त्या स्वतःच सांगतात. नोकरी संपल्यावर ती मेट्रनगिरी कुठे जाणार? त्या राहतात एकट्या, पण ती आमच्या घरी आली. लग्न झाल्या दिवसापासून माझ्या चादरीचे कोपरे त्यांना पसंत पडलेले नाहीत. मी शाळेत भूगोल शिकवते. ‘नकाशे रंगवायचं काम’ असं त्याचं वर्णन त्या चारचौघांत करतात.

तर या बाईंनी, केस पांढरे झाल्यावर आणि एक गुडघा नवा बसवून घेतल्यावर, तीनचाकी मोटारसायकल घ्यायचं काढलं. सामान वाहायची तीनचाकी नव्हे. चांगली दणदणीत मोटारसायकल, पुढे दोन चाकं, मागे एक. जन्मभर स्कूटर चालवलेली बाई. पण नव्या गुडघ्यावर सिग्नलला गाडीचा भार पेलेना. तीन चाकांवर गाडी आपली आपण उभी राहते, पाय टेकवावा लागत नाही, एवढं त्यांचं म्हणणं.

“त्यापेक्षा छोटीशी मोटार घे ना, ताई,” हे म्हणाले.

“मोटारीत बसलं की मला अँब्युलन्समध्ये झोपवल्यासारखं वाटतं.”

हे म्हणजे माझा नवरा, मेट्रनचा धाकटा भाऊ. प्रेशर कुकर बनवणाऱ्या कंपनीत खरेदी खात्यात नोकरी झाली. त्यामुळे आपण मध्ये पडल्याशिवाय जगातली कुठलीही वस्तू कुणाला विकत घेता येत नाही, अशी यांची पक्की समजूत. साधा टूथब्रश घ्यायचा तरी सगळा बाजार पालथा घालतात आणि शेवटी पहिल्याच दुकानात येऊन नको होता तोच घेतात. ताईंनी ‘चल’ म्हटलं नव्हतं, तरी त्या दिवशी सकाळी हे इस्त्रीचा शर्ट घालून दारात हजर. मला मात्र ताईंचा फोन आला होता. “तूही ये. पँट घालून ये.” एवढंच. कारण विचारायची आमच्याकडे पद्धत नाही.

शोरूम म्हणजे नुसती काच आणि उजेड. कोपऱ्यात प्लास्टिकची झाडं, आणि त्यांना कुणीतरी खरोखरच पाणी घातलेलं. विक्रेता अंगावर बाटलीभर सेंट ओतून आला होता. पँट इतकी तंग, की वाकून चाक दाखवायची वेळ आली तेव्हा त्याने बोटानेच दाखवलं.

“या सर! कशासाठी बघताय, सर?”

“मी बघतेय,” मेट्रन म्हणाल्या.

“वा, छानच मॅडम. सर, ही बघा, एक हजार सीसीच्या वर—”

“गाडी मी चालवणार आहे.”

“हो हो, नक्कीच मॅडम. अगदी सोपी आहे, लेडीजनाही जमते. सर, ब्रेकचं सांगतो—”

आणि आमचे सर! हात पाठीमागे बांधून, मान हलवत, जणू कुकरच्या शिट्ट्या मोजण्यात आयुष्य गेलेला माणूस ब्रेकमधलं सगळं जाणतो. “डिस्क आहेत का?” यांनी विचारलं. समोर तीन डिस्क लखलखत होत्या. विक्रेता म्हणाला, “काय प्रश्न विचारलात, सर!”

मेट्रननी दोघांकडे पाहिलं, ड्रेसिंग नीट न बांधणाऱ्या शिकाऊ नर्सकडे बघावं तसं. मग म्हणाल्या, “चालवून बघायची आहे. मागे माणूस बसवून.”

“मागे आमचा माणूस बसेल ना, मॅडम.”

“तुमचा माणूस काही मी घरी नेणार नाही. माझं माणूस बसेल.”

हे लगबगीने दोन पावलं मागे सरकले. “ताई, माझी कंबर—”

“तुला कोण विचारतंय? तुझं वजन फार आहे.” मग माझ्याकडे बोट. “हिचं बरोबर आहे.”

इतक्या वर्षांत माझं काहीतरी बरोबर आहे असं त्या पहिल्यांदाच म्हणाल्या, आणि ते वजन निघालं.

हेल्मेटला कुणाच्या तरी घामाचा जुना वास होता. मागची सीट म्हणजे वीतभर रुंद पाट, त्यावर रेक्झिन ताणलेलं. पाठीला आधार नाही. हाताला धरायला दोन गुळगुळीत कड्या, त्याही कुठेतरी कमरेच्या मागे. पाय ठेवायच्या जागा इतक्या वर, की गुडघे हनुवटीशी बोलायला लागले. मी नीट बसते न बसते तोच ताईंनी रेस दिली. गाडी उसळली, माझं हेल्मेट त्यांच्या हेल्मेटवर टाणकन आदळलं.

“सरळ बस!” पुढून हुकूम आला.

गोदामांच्या मागचा रस्ता सरळ होता तोवर ठीक होतं. पुढे चौकातला गोल आला. स्कूटरवर वळताना माणूस अंग कलवतो आणि गाडी मागोमाग कलते. ही बया कलत नाही. तिला हँडलच वळवावं लागतं. विक्रेत्याने हे सांगितलंही होतं, पण यांना; आणि हे त्यावर शहाण्यासारखी मान डोलावून गप्प बसले होते. ताई आपल्या सवयीने उजवीकडे कलल्या. गाडी मात्र म्हणाली, तुम्ही कला, मी चालले. आणि सरळ निघाली. मी डावीकडे फेकली जायला लागले. समोर बसस्टॉप, त्यावर रांगेत उभी माणसं, आणि त्या माणसांची उघडी होत चाललेली तोंडं.

“हँडल! हँडल वळवा!” मी किंचाळले. “अंग नाही, हँडल! ब्रेक मारा, ब्रेक!”

पुढचं एक चाक फुटपाथच्या कडेला टेकलं आणि आम्ही थांबलो. गाडी तीन चाकांवर शांत उभी. त्या बाबतीत तिच्यात खोट नव्हती.

रांगेतला एक जण धावत आला. “मावशी, लागलं का?”

“कोण मावशी?” मेट्रन कडाडल्या. बिचारा आल्या पावली रांगेत परत गेला, आणि तोवर त्याचा नंबर गेला होता.

मी खाली उतरले नाही. उतरता आलंच नसतं. पण तोंड चालत होतं. “ताई, तुम्हाला ऐकायची सवय नाही, ते आता पुरे. आपण सुकाणू धरतो तसं धरायचं. तुम्ही हालायचं नाही, हातांनीच वळवायचं. चला, रिव्हर्स टाका.”

मी स्वतः सायकलच्या पलीकडे काही चालवलेलं नाही. सुकाणू तर पुस्तकातच पाहिलंय. पण भीतीने माणसाला भलताच अधिकार येतो. आणि नवल म्हणजे ताईंनी ऐकलं. रिव्हर्स टाकला, मागे घेतली. मग आम्ही त्या गोलाला फेऱ्या मारत सुटलो. मी मागून “आता! वळवा! आता सोडा!” म्हणून ओरडतेय, त्या खालमानेने वळवतायत. बसस्टॉपवरच्या लोकांनी बस आली तरी आमच्याकडे बघणं सोडलं नाही. हळूहळू गाडी त्यांना कळली. शेवटच्या फेरीला तर इतकी सफाईदार वळली, की आता ओरडायला काही उरलं नाही याचं मलाच वाईट वाटलं.

पुढे एका बंद कारखान्याच्या फाटकापाशी ताईंनी गाडी सावलीला लावली. हेल्मेट काढलं. कपाळाला घाम. मग प्रश्न सुरू झाले.

“चढताना पाय फार उचलावा लागला का?”

“लागला.”

“खुबा दुखणाऱ्याला जमेल?”

“माझा खुबा ठणठणीत आहे.”

“मी विचारतेय त्याचं सांग. आणि माझा आवाज येत होता? म्हणजे डाव्या कानाला कमी येत असेल, तर उजव्याने येईल?”

मी हेल्मेट मांडीवर ठेवलं. “ताई, डाव्या कानाने बहिरं कोण आहे?”

ज्या बाईने आयुष्यात कधी नजर खाली घातली नाही, ती गाडीचा आरसा पुसायला लागली. आरसा स्वच्छच होता.

“वजन साधारण तुझ्याएवढंच आहे,” त्या म्हणाल्या.

“कुणाचं?”

“चष्मेवाल्यांचं.”

मला आधी हसूच फुटलं. कोपऱ्यावरच्या दुकानातले चष्मेवाले! अख्ख्या घराच्या नाकांवर त्यांचेच चष्मे. बुटका, विधुर, अबोल माणूस. नंबर तपासताना ‘हे बरं की मघाचं बरं’ असं इतक्यांदा विचारतात, की शेवटी माणूस कंटाळून काहीही सांगतो आणि वर्षभर धूसर बघतो. आणि त्यांच्यासाठी आमच्या मेट्रन! मी म्हटलं, “त्यांना तर पायरी उतरतानाही कुणीतरी सांगावं लागतं.”

“मी सांगते ना,” ताई म्हणाल्या. “दुकान बंद असतं त्या दिवशी आम्ही गावाबाहेर जाऊ. पन्नास वर्षं तो माणूस त्या चार भिंतींत अक्षरं दाखवत बसलाय. लांबचं काही बघितलेलंच नाही त्याने.” जरा थांबून त्यांनी विचारलं, “तुला काय वाटतं?”

लग्नानंतर मला हा प्रश्न त्या घराने कधी विचारला नव्हता. नवऱ्याने नाही, सासूने नाही, ताईंनी तर नाहीच. त्यामुळे उत्तर तयार नव्हतं. मग जे होतं तेच दिलं.

“सीट भिकार आहे. एवढ्यात माझ्या मांड्यांना मुंग्या आल्यात. पाठीला टेकू नसेल तर चष्मेवाले पहिल्याच वळणावर उतरतील, आणि तुम्हाला पुढच्या गावात कळेल. टेकू बसवून घ्या, पाय ठेवायचं खाली घ्या.”

“आणि माणसाबद्दल?”

“त्यांच्यावर बसून मी चक्कर मारलेली नाही,” मी म्हटलं, आणि तोंडातून निघून गेल्यावर जीभ चावली.

ताई हसल्या. मोठ्याने, दात दाखवून. कारखान्याचा पहारेकरी बाहेर येऊन बघून गेला.

आम्ही परत पोचलो तर शोरूममध्ये हे खुर्चीवर रेलून कॉफी पीत होते. विक्रेता हसतमुख. “सरांनी सगळं फायनल केलंय, मॅडम! रंग चंदेरी.”

“तुझ्या वयाला शोभेल असा,” हे म्हणाले. “आणि जास्तीच्या वस्तू सगळ्या कापून टाकल्या. मागचा टेकू, रुंद सीट, काही नको म्हटलं. उगाच कशाला? तुझ्या मागे बसणार कोण आहे?”

वाक्य साधंच होतं. यांच्या मनात काही वाईटही नव्हतं. यांच्या मनात फारसं काही नसतंच. पण सर्जनना चळचळा कापायला लावणारी बाई हेल्मेटचा पट्टा बोटाला गुंडाळत उभी राहिली. मला तिचा रागच आला. चादरीच्या कोपऱ्यावरून तासभर बोलता येतं, आणि इथे वाचा बसते!

“मागे कोण बसणार ते मागे बसणाऱ्याने बघावं,” मी म्हटलं. “तुम्ही तर बसायच्या आधीच पळालात.”

“तू गप्प बस गं. व्यवहारातलं तुला—”

“चष्मेवाले बसणार आहेत,” मेट्रन म्हणाल्या.

“कोण चष्मेवाले?”

“तुझ्या नाकावर आहे तो चष्मा ज्यांनी केला, ते.”

यांनी नकळत चष्म्याला हात लावला, गरम तव्याला लागावा तसा काढून घेतला. “या वयात? अगं, लोक काय म्हणतील? आईबाबा असते तर—”

“असते तर शंभरीला टेकले असते, आणि त्यांनाही मागे टेकूच लागला असता.”

विक्रेत्याला एवढंच कळलं, की यात अजून एक पुरुष आहे. त्याचा चेहरा उजळला. “अच्छा! म्हणजे गाडी ते सर चालवणार? मग मॅडम, आपण सरांनाच एकदा बोलावू या का?”

“ते सर मागे बसणार,” ताई म्हणाल्या. “आणि तुमच्याकडून मी गाडी घेणार नाही. सकाळपासून तुम्ही माझ्याशी एक वाक्य पूर्ण बोलला नाहीत. वळताना काय करायचं ते तुम्ही याला सांगितलंत. हा तर खुर्चीवरून हललासुद्धा नाही. मी आणि ही आत्ता बसखाली गेलो असतो.”

विक्रेत्याने यांच्याकडे बघितलं. सवयच ती. “सर, तुम्ही तरी सांगा मॅडमना...”

सर कॉफीच्या कपात बघत होते.

गाडी ताईंनी दुसऱ्या शहरातून घेतली, लाल रंगाची, टेकूसकट. जाताना मला घेऊन गेल्या आणि तिथेही मागे बसवून तपासली. तिथली विक्रेती मुलगी निदान त्यांच्याकडे बघून बोलत होती, अर्थात सेंट तिनेही कमी लावलं नव्हतं.

यांनी बहिणीशी अबोला धरला. आणि तेवढ्यावर थांबले तर हे कसले? चष्मेवाला बदलला. दोन बस बदलून शहराच्या पार टोकाला जाऊन नवा चष्मा करून आणला. नंबर चुकीचा निघाला. आता हे पेपर हातभर लांब धरतात, डोकं धरून बसतात, आणि विचारलं की म्हणतात, “उत्तम दिसतंय.”

परवा दुपारी खाली हॉर्न वाजला. मी गॅलरीतून पाहिलं. लाल गाडी, पुढे मेट्रन, मागे टेकूला टेकून चष्मेवाले, दोन्ही कड्या मुठीत घट्ट, तोंड उघडं. ध्यान दिसत होतं अगदी. मी त्यांना वर बोलावलं. चष्मेवाले जिन्यात तीनदा थांबले आणि तीनही वेळा लाजून हसले. ताईंनी चहाच्या कपाचा कान तुटलाय हे लगेच हेरलं, पडदे कधी धुतले होते ते विचारलं. मग दोघं तळ्यापर्यंत जाऊन आल्याचं सांगत बसले. चष्मेवाले म्हणाले, पाण्यापलीकडचं झाड मला पानापानांनिशी दिसलं. ताई म्हणाल्या, काही नाही, नुसतं हिरवं दिसलं असेल. त्यावर ते दोघंही हसले.

हे आतल्या खोलीत दार लोटून बसले होते. मधूनमधून मोठ्याने खोकत होते, आपण घरात आहोत हे कळावं म्हणून. आमचं बोलणं चालूच राहिलं.

ते दोघं गेल्यावर हे बाहेर आले. टेबलावरचे कप बघितले.

“माझ्याबद्दल काही म्हणत होते?”

“नाही,” मी म्हटलं.

कुणी खरंच काही म्हटलं नव्हतं. तेच यांना जास्त लागलं.