पहिली प्रत की दुसरी

मी पडदे शिवते. खिडक्यांचे, दारांचे, मध्यंतरी एका नाट्यगृहाचाही शिवला होता. त्यातल्या उरलेल्या कापडाचा पडदा माझ्या खोलीत मधोमध टांगलाय. जाड, अस्तर लावलेला, खालच्या दुमडीत वजनाची साखळी घातलेला. पडद्याच्या अलीकडे दोन स्पीकर, एक खुर्ची आणि माझा पलंग. पलीकडे रेकॉर्ड प्लेअर, भिंतभर रेकॉर्डी आणि ओट्याचा एक तुकडा. बघणाऱ्याला वाटतं, बाईला आडोसा हवा असेल. एकट्या बाईला आडोसा कुणापासून, हे माझ्या मोठ्या बहिणीने विचारून झालंय.

बहिणीला माझं वेड कधी पटलं नाही. मी सिनेमाच्या पार्श्वसंगीताच्या रेकॉर्डी जमवते. गाण्यांच्या नव्हे.

"म्हणजे नुसतं मागे वाजतं ते?"

"तेच."

"पुढचं सोडून?"

"पुढचं सगळे बघतातच गं."

"बरं. पण एकाच सिनेमाच्या तीन-तीन? हरवली तर असू दे म्हणून?"

मी तिला सांगितलं, प्रत्येक आवृत्ती वेगळी असते. एकीत व्हायोलिनं पुढे येतात, दुसरीत मागे सरतात, एखादीत शेवटचा तुकडा कापलेला असतो. तिने हात झटकला. मी म्हटलं, घराला रंग देताना तू पांढऱ्याचे इतके नमुने मागवलेस की रंगारी रडकुंडीला आला.

"ते वेगळं," ती म्हणाली.

असो. तर हा पडदा. तो आमच्या रविवारच्या खेळासाठी आहे. एकाने पडद्यामागे जायचं. एकाच संगीताच्या दोन प्रती, एकामागून एक लावायच्या. तोंडातून फक्त "पहिली" आणि "दुसरी" एवढंच काढायचं. खुर्चीतल्याने ऐकून सांगायचं, जुनी आवृत्ती कुठली आणि नवी कुठली. कव्हर दिसलं की कान खोटं बोलायला लागतात, म्हणून पडदा.

एके काळी खुर्च्या पुरत नसत. एक दंतवैद्य होते, त्यांनी सगळा संग्रह विकून टाकला; म्हणाले, आता सगळं फोनवर येतं. एक कॅशियर मुलाकडे राहायला गेले. एक नवरा-बायको होते, त्यांचं एका ट्रम्पेटवरून असं भांडण झालं की दोघांनी येणं बंद केलं, आणि आता घरात गुण्यागोविंदाने राहतात म्हणे. उरलो मी आणि किल्लीवाले.

किल्लीवाल्यांचं नाक्यावर दुकान आहे. दुकान कसलं, दोन इमारतींच्या मधली फट. ते आत शिरले की दुसऱ्याला जागा नाही. भिंतीवर कोऱ्या किल्ल्या लटकलेल्या आणि पुढ्यात किल्ली कापायचं यंत्र. ते यंत्र चालू झालं की दात शिवशिवतात. सबंध आयुष्य त्यांनी त्या किंकाळीसमोर काढलंय. रविवारी मात्र इस्त्रीचा शर्ट घालून, बगलेत रेकॉर्डीची पिशवी घेऊन यायचे आणि उंबऱ्यातूनच म्हणायचे, "बाई, आज तुमची खैर नाही."

आमच्या दोघांची आवडती रेकॉर्ड एकच. दीपगृहाच्या रखवालदारावरचा एक सिनेमा होता, पडद्यावर आला तसा गेला. कथा अशी की रखवालदारालाही जांभई यावी. पण संगीत! दुसऱ्या बाजूला एक तुकडा आहे, धुक्याचा. सगळी व्हायोलिनं दबा धरून बसलेली असतात आणि खूप वेळाने एक बासरी येते, जणू कुणीतरी जिना चढून आलंय आणि दार वाजवावं की नाही ते ठरत नाहीये. जुनी प्रत किल्लीवाल्यांकडे, नवी माझ्याकडे. दर थोड्या दिवसांनी आम्ही ती जोडी काढायचो.

त्या रविवारी पडद्यामागे मी होते. पहिली प्रत वाजून संपली आणि ओट्यावर दूध उतू गेलं. आता कुणीही शहाणी बाई आधी गॅस बंद करेल. आमच्यासारखी माणसं आधी रेकॉर्ड कव्हरात घालतात. मी ती घाईघाईने घातली, गॅसकडे धावले, ओटा पुसला, हात धुतले आणि येऊन "दुसरी!" म्हणून लावली. वाजत असताना लेबल फिरताना दिसलं. तीच होती. किल्लीवाल्यांचीच प्रत, पुन्हा. मघाशी माझ्या कव्हरात शिरलेली.

आता हसू येणार, तेवढ्यात पलीकडून आवाज आला, "दुसरी नवी. पहिलीत व्हायोलिनं दबलीत. दुसरीत हवा आहे, बाई. बासरीभोवती हवा आहे."

असं होतं. चांगल्या कानांनाही भास होतात, त्यासाठीच तर हा खेळ. पण मी पडद्याच्या फटीतून पाहिलं. दुसऱ्या खेपेची बासरी यायला अजून अवकाश होता, आणि यांनी तिच्याभोवतीची हवा आधीच सांगून टाकली होती. आणि माझ्या लक्षात आलं, दूध फसफसलं, पातेलं आदळलं, मी स्वतःशी दोन शिव्या हासडल्या, तरी या माणसाने "काय झालं?" असं विचारलं नव्हतं.

"बरोबर," मी म्हटलं.

पडदा सारून मी तेच ओरडून पुन्हा सांगितलं आणि ते असे खुलले, "कान शाबूत आहेत अजून! पुतण्या म्हणतो तपासून घ्या. मी म्हटलं, रविवारी ये, बाईंना विचार."

त्यानंतर त्यांचं उत्तर दर रविवारी बरोबर येऊ लागलं. मी तशी सोयच केली. ते जे म्हणतील ते बरोबर. मला काय हवं होतं ते स्पष्ट सांगते, नाहीतर मी फार दयाळू वाटेन. मला रविवार हवा होता. सोमवार ते शनिवार मी शिलाई यंत्राशी बोलते. शेजारी भिंतीवर टकटक करतात म्हणून एरवी संगीत हेडफोन लावून ऐकते, तेही एकटीनेच. पडद्यामागे कुणी "पहिली!" म्हणून ओरडणारं असणं, एवढ्यावर माझा आठवडा उभा होता. बरोबर म्हणायला काय जातं?

मग एका रविवारी ते म्हणाले, "आज मी आत जातो. तुमचा कान बघू, गंजलाय का."

मी खुर्चीत बसले. तिकडे खुडबुड, मग "पहिली!"

काही नाही. स्पीकर गप्प. मला लगेच समजलं, आदल्या दिवशी मी हेडफोन लावले होते आणि बटण तसंच राहिलं होतं. फक्त सुईचा आवाज येत होता. रेकॉर्डच्या खाचांमधून सुई स्वतःच जे पुटपुटते, ते. मुंगीने गुणगुणावं तेवढं. त्यातही धुक्याचा तुकडा ओळखू येत होता. किल्लीवाले सुईपासून हाताच्या अंतरावर उभे होते आणि त्यांना ती ऐकू येत नव्हती, आणि स्पीकर बंद आहेत हेही कळत नव्हतं.

उठून सांगायला हवं होतं. मी बसून राहिले. बासरी जिथे येते तिथे मी मनात तिला आणली. "दुसरी!" पुन्हा शांतता, पुन्हा मनातली बासरी. पडद्याच्या वर, छतावर त्यांची सावली पडली होती, मान लयीत हलत होती. चुकत नव्हती.

"बोला!"

"दुसरीत," मी गळा ताणून म्हटलं, "दुसरीत हवा आहे."

सावली थांबली. प्लेअर बंद करायला वाकली. मग पडदा सरकला. त्यांचं बोट बटणावर होतं.

"हे हेडफोनवर आहे, बाई."

मी मान हलवली.

"म्हणजे काही वाजलंच नाही."

"सुई वाजली."

"काही वाजलंच नाही आणि तुम्ही मला हवा सांगितलीत." ते माझ्याकडे बघत राहिले, रागाने नाही, बिघडलेल्या कुलपाकडे बघावं तसे. "मग इतके दिवस मी जे सांगत होतो, ते?"

खरं उत्तर होतं माझ्याकडे. दिलं असतं तर ओरडून द्यावं लागलं असतं, आणि असली गोष्ट ओरडून कशी सांगणार?

"छान चाललं होतं," मी म्हटलं. त्यांना ऐकू गेलं नसावं. त्यांनी शांतपणे पिशवी उचलली, चपला घातल्या आणि गेले. नंतर मी प्लेअरजवळ गेले, तर दीपगृहाच्या दोन्ही प्रती तिथेच होत्या. एकावर एक, नीट, आपापल्या कव्हरात. आमच्यातला माणूस एक वेळ छत्री विसरेल, रेकॉर्ड विसरणार नाही.

पुढच्या रविवारी मी उगाचच चहाचे दोन कप काढून ठेवले. बहिणीचा फोन आला. "काय करतेयस?"

"दोन प्रती ऐकतेय."

"किल्लीवाला नाही आला?"

"नाही."

"मग बरंच की, निवांत ऐक."

निवांतच होतं सगळं. पण दोन्ही प्रती हाताशी असूनही खेळ होईना. मीच लावणार, मीच येऊन बसणार, मला माहीत कुठली कुठली. डोळे मिटून कव्हरं उलटसुलट करून पाहिली, तर हाताला कडा ओळखू आल्या. स्वतःला फसवायला स्वतःपेक्षा वेगळा माणूस लागतो. तो मी इतके दिवस फुकट वापरला होता.

एका दुपारी काम अर्धवट टाकून मी नाक्यावर गेले. यंत्र किंचाळत होतं. मी दीपगृहाची त्यांची प्रत त्यांच्या पुढ्यातल्या फळीवर ठेवली. त्यांनी यंत्र बंद केलं.

"विसरलात," मी मोठ्याने म्हटलं.

"विसरलो नाही. माझ्या काय कामाची?"

"माझ्या तरी काय कामाची? पडद्यामागे कोण जाणार? माझी बहीण?"

त्यांच्या ओठांचा कोपरा हलला. हात फडक्याला पुसून त्यांनी रेकॉर्ड बाहेर काढली, कडेने धरली, आणि यंत्रावरच्या दिव्याखाली तिरकी केली. किल्लीचे दात बघायचं भिंग डोळ्याला लावलं. मीही वाकले. काळ्या चकतीवर प्रकाश पडला की आवाज दिसतो, हे मला ठाऊक होतं. जोराचा भाग करडा, हळू भाग गुळगुळीत काळा. पण ते त्यात नखाने वाट काढत गेले.

"हे धुकं," ते म्हणाले. "हा जिना. आणि ही आली बघा तुमची बासरी."

खरंच, गुळगुळीत काळ्यात एक बारीकशी थरथर होती.

"दुसरी आणलीय?"

आणली नसती तर मी कसली? मी पाठ वळवली, दोन्ही चकत्या पुढे-मागे केल्या, लेबलांवर तळवे ठेवले आणि एकेक त्यांच्या दिव्याखाली धरली. "पहिली!" मग, "दुसरी!"

त्यांनी भिंगातून पाहिलं. पुन्हा पाहिलं. इतका वेळ घेतला की मागे एक गिऱ्हाईक येऊन खाकरलं. त्यांना ते ऐकू आलं नाही, मीही वळले नाही.

"दुसरी जुनी," शेवटी ते म्हणाले. "हिची खाच खोल आहे. पैज लावा."

मी तळवा काढून लेबल बघितलं. त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं, अगदी सावधपणे. जिभेवर तयार शब्द होता, सवयीचा.

"चूक!" मी ओरडले. समोरच्या दुकानातले लोकसुद्धा वळून बघायला लागले. "साफ चूक!"

 किल्लीवाल्यांनी भिंग शर्टाला पुसलं, खुर्ची पुढे ओढली आणि गिऱ्हाइकाला हातानेच थांबा म्हणून सांगितलं.

"पुन्हा धरा," ते म्हणाले.