हिरवं, फुग्याला, आत्या

मी भित्रा माणूस आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणी दात काढायला नकोत. पेशाने न्हावी. दिवसभर लोकांच्या गळ्यावर वस्तरा फिरवतो, त्याचं काही वाटत नाही. पण गुडघाभर पाणी दिसलं की मी दोन पावलं मागे सरतो.

आणि अशा माणसाच्या बायकोने ठरवलं, की समोरच्या बेटापासून किनाऱ्यापर्यंत समुद्र पोहून यायचं.

"कशाला?" मी विचारलं.

"तुला माहीत आहे कशाला," ती म्हणाली.

माहीत होतं. पोरगी तान्ही असताना हॉस्पिटलात होती. आम्ही दोघं व्हरांड्यात आळीपाळीने झोपायचो. एक जण बाकावर, दुसरा चपला उशाला घेऊन फरशीवर. आजही तिथल्या आईबापांची तीच गत आहे. त्यांच्यासाठी हॉस्पिटलासमोरच्या बंद घरात खोल्या करायच्या म्हणून काही मंडळींनी संस्था काढली, आणि ही बाई त्यांच्यासाठी पोहणार होती. माझ्या दुकानात आरशाखाली डबा ठेवला होता, पण त्यात चिल्लर. खरी मदत लोकांनी दिलेल्या शब्दात होती, आणि प्रत्येक शब्दाला शेपूट होतं: पूर्ण पोहली तर. सगळ्यात मोठा शब्द सिमेंटवाल्याचा. सगळ्या खोल्यांचं सिमेंट देणार होता. "पण अर्धवट कामाचं मी गवंड्यालाही देत नाही," तोंडाला फेस लावून बसलेला असताना तो म्हणाला. वस्तरा माझ्या हातात होता. तरी मी त्याची दाढी नीट केली, हा माझा मोठेपणा.

बायको गाडी चालवायला शिकवते. तिच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाखालीही एक ब्रेक असतो. शिकणारा घाबरला, गोंधळला, की ती तो दाबते. सरावाच्या पहिल्याच दिवशी तिने मला बोटीत बसवलं आणि सांगितलं, "पाण्यात मी शिकाऊ. ब्रेक तुझ्या पायाखाली. पण उगाच दाबलास तर याद राख, कात्री."

कात्री म्हणजे मी. माझी जीभ कात्रीसारखी चालते म्हणून लग्नानंतर आठ दिवसांतच तिने हे नाव ठेवलं. माझं खरं नाव आता फक्त लाइटच्या बिलावर उरलंय.

ब्रेक म्हणजे काय, तर हात लावणं. पोहणाऱ्याला कुणी हात लावला की पोहणं बाद, असा नियम. दोरीला बांधून बाटली टाकायची, बोलायचं, ओरडायचं, पण हात लावायचा नाही. आणि मी तो ब्रेक सरावात एकदा उगाच दाबला. ती पाण्यात मान खाली घालून थांबली, मी बोंब ठोकली, आणि बोटवाल्याने आणि मी तिला दंडाला धरून वर ओढली. तिच्या चष्म्यात पाणी गेलं होतं, दुसरं काही नाही. दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "तुझ्या भीतीवर माझा भरवसा नाही. भित्यापाठी ब्रह्मराक्षस. आपण प्रश्न ठरवू."

कारण तिला पोहणं शिकवणाऱ्याने सांगून ठेवलं होतं, की गार पाण्यात फार वेळ राहिलं की डोकं आतून थंड पडतं, आणि ज्याचं डोकं जातं त्याला ते कळत नाही. तो आपला पोहतच राहतो, आणि मग पोहता पोहता थांबतो. म्हणून बाटली देताना दर वेळी प्रश्न विचारायचे. उत्तरं चुकली तरच हात लावायचा. नाहीतर गप्प बसायचं.

आम्ही तीन प्रश्न ठरवले. दुकानाचं दार कुठल्या रंगाचं? हिरवं. पोरगी कशाला घाबरते? फुग्याला. आपल्या लग्नात कोण रुसलं होतं? आत्या. म्हणजे माझी आत्या, आणि ती अजूनही रुसलेलीच आहे.

हे तीन प्रश्न आम्ही घोकले हो! सरावात घोकले, स्वयंपाकघरात घोकले, ती न्हाणीघरात असताना मी बाहेरून ओरडायचो आणि आतून उत्तरं यायची. पोरगी वैतागून म्हणाली, "बाबा, पाढे पाठ करताय का?" तेव्हा मी हसलो. तिथेच आमची चूक झाली होती, आणि ती पोरीने आमच्या तोंडावर सांगितली होती. पण अक्कल वाटत होते तेव्हा मी बहुतेक कुणाची तरी दाढी करत होतो.

ठरल्या दिवशी ती बेटावरून पहाटे पाण्यात उतरली. बोटीत आम्ही तिघं. बोटवाला, पोहणं नियमाने होतंय ना हे बघायला आलेल्या पंचबाई, आणि दोन्ही हातांनी बोटीची कड धरून बसलेला मी. पाणी राखाडी होतं आणि खाली तळ म्हणून काही दिसत नव्हता. ती हात टाकत होती, मी प्रत्येक हात मोजल्यासारखा बघत होतो. डोकं लाटेमागे गेलं की माझा श्वास थांबायचा, दिसलं की सुटायचा. असा तासन् तास मी बोटीत बसून बुडत होतो.

पहिल्या काही बाटल्या छान गेल्या. "दार?" "हिरवं, आणि कुरकुरतं, तेल घाल म्हणून किती वेळा सांगितलं!" "लग्नात कोण रुसलं?" "तुझी आत्या. खुर्ची मिळाली नाही म्हणून." पंचबाई हसल्या. मीसुद्धा हसलो, कड न सोडता.

मग वारा फिरला आणि पाणी गार झालं. बोटवाल्याने बोटं बुडवून बघितली आणि मान हलवली. पुढची बाटली टाकली तेव्हा ती जरा उशिरा आली, बाटली दोन्ही हातांनी धरली.

"दुकानाचं दार कुठल्या रंगाचं?"

"हिरवं. फुग्याला. आत्या."

एका दमात, आणि बाटली सोडून ती निघूनही गेली.

"वा! तिन्ही बरोबर," पंचबाई म्हणाल्या.

बरोबरच होती. बायकोला वेळ दवडलेला खपत नाही, भाजीवाल्याला भाव विचारायच्या आधी पैसे देईल अशी ती. घाई केली असेल. पण माझ्या अंगावर काटा आला तो काही जाईना. दाराला तेल घाल, असं ती म्हणाली नव्हती. आणि मी फुग्याचं विचारलंच नव्हतं.

"तिला बाहेर काढू या," मी म्हणालो.

"कशावरून?" पंचबाईंनी शांतपणे विचारलं. "हात ठीक पडतायत. उत्तरं बरोबर आहेत. तो बघा किनारा."

किनारा दिसत होता. माणसंही दिसत होती, मुंगीएवढी. त्यात टॉवेल घेऊन उभी असलेली आमची पोरगी असणार. त्यात सिमेंटवालाही असणार. मी हात लावला असता तर सगळं गेलं असतं. वर्षभराचा सराव, व्हरांड्यातल्या आईबापांच्या खोल्या. आणि बायको म्हणाली असती, पुन्हा घाबरलास ना? नसता लावला तर? ते मला मनातसुद्धा म्हणवेना. बोटवाला माझ्याकडे बघत नव्हता.

वेळ व्हायच्या आधीच मी बाटली टाकली. ती थांबली. ओठ निळे झाले होते. मी क्रम मोडून मधलाच प्रश्न आधी विचारला.

"पोरगी कशाला घाबरते?"

"हिरवं," ती म्हणाली.

"वाऱ्यात ऐकू आलं नसेल," पंचबाई म्हणाल्या, पण त्यासुद्धा उभ्या राहिल्या.

मी कड सोडली. कधी सोडली मला कळलं नाही. ओणवा होऊन तिच्या तोंडाजवळ तोंड नेलं आणि ओरडलो, "अगं, माझ्याकडे बघ! मी कोण?"

तिने बघितलं. नीट, शांतपणे बघितलं. मी कात्री या शब्दाची वाट बघत होतो, आयुष्यात कशाची बघितली नाही तशी. ती अगदी अदबीने म्हणाली, "अहो दादा, किनारा कुठल्या बाजूला आला हो?"

मी हात लावला. दोन्ही हातांनी तिचं डोकं धरलं, रोज लोकांची धरतो तसं, आणि सोडलं नाही. ती मला झिडकारत होती. "सोडा हो, कोण तुम्ही?" म्हणत होती. बोटवाल्याने खांद्याखाली धरलं, पंचबाईंनी पाय ओढले. आम्ही तिला बोटीत घेतली, ब्लँकेटात गुंडाळली. बोट किनाऱ्याकडे सुटली आणि ती थरथर कापत एकच म्हणत राहिली, हिरवं, फुग्याला, आत्या, हिरवं, फुग्याला, आत्या. मी तिला छातीशी धरून बसलो होतो आणि ढसाढसा रडत होतो. लाज वगैरे काही वाटली नाही.

किनारा जवळ आला तेव्हा ब्लँकेटातून आवाज आला, "ए कात्री. माझ्या केसांवर बसलायस."

मी उठलो. मग तिने विचारलं, "पोहोचले का मी?"

"नाही," मी म्हणालो. तिने तोंड फिरवलं.

काही लोकांनी शब्द तरीही पाळला, काहींनी नाही. सिमेंटवाल्याने पाळला नाही. अर्धवट ते अर्धवट. तो अजून दाढीला येतो आणि मी त्याची दाढी पूर्ण करतो. खोल्या थोड्या झाल्या आहेत, बऱ्याच राहिल्या आहेत. बायकोला तो सगळा दिवस आठवत नाही. फुग्याच्या प्रश्नाला ती हिरवं म्हणाली, हे मी सांगितलं तेव्हा तिचा चेहरा उतरला. तिला घाबरलेली मी तेव्हा पहिल्यांदा बघितली. पण दादा म्हणाली, ते मी सांगितलेलं नाही. ते माझ्यापाशीच राहू दे.

ती पुन्हा पोहणार आहे. "या वेळी प्रश्न तू ठरव," म्हणाली, "रोज नवे. मला आधी सांगू नकोस." मी हो म्हटलंय. आता केस कापता कापता मी प्रश्न शोधत असतो, गिऱ्हाइकांना वाटतं मला बहिरेपण आलंय. घरी बायकोलाही तसंच वाटतं. कारण ती आतून "ए कात्री!" म्हणून हाक मारते तेव्हा मी मुद्दाम ओ देत नाही. ती चिडते, परत "कात्री!" म्हणून हाक मारते. ते नाव पुन्हा ऐकलं की मग मी जातो.