बोदलकसाचा चढ

"आई, क्लच एकदम सोडू नको," खुशबू म्हणाली.

पडद्यावरची व्हॅन चढावर थरथरली, बंद पडली आणि मागे घरंगळत तलावात गेली.

"अजून एक आंघोळ," तिचे वडील लीलाधर खाटेवरून म्हणाले. "येतानी मासोळ्या बी घेऊन ये."

सुशिलाबाईंनी अनवाणी पाय पुन्हा पेडलांवर ठेवले. घरात चपला चालत नसत, त्यामुळे मुलीच्या खेळातली गाडीही त्या अनवाणीच चालवत.

गाडी चालवण्याचा हा खेळ गोंदियातल्या एका लहानशा कंपनीने नुकताच बाजारात आणला होता. त्यातली गाडी कशी वागेल, ते खुशबू ठरवत असे. आधी ती कोणत्याही गियरमध्ये निघायची, चढावर खिळल्यासारखी उभी राहायची. खुशबूला ते खुपलं. घरच्या जुन्या व्हॅनवर मोजमापं घेऊन तिने पहिल्याच अपडेटमध्ये क्लच खरा केला. आता चुकलं की इंजिन बंद पडे, गाडी मागे येई. खेळणारे भडकले.

फोन वाजला. कंपनीचे मालक इंद्रकुमार होते.

"खुशबू, लोग गाली दे रहे हैं. संध्याकाळपर्यंत जुना क्लच परत टाक."

"सर, शिकायला थोडा वेळ लागतो."

"कोण शिकून राहिलं? एक तरी दाखव ना."

फोन ठेवून तिने लॅपटॉप उघडला.

"क्लच काऊन काढून राहिली?" सुशिलाबाईंनी विचारलं. "आता कुठं पायाले समजून राहिलं."

"कोणालाच जमत नाही म्हणतात."

"मंग मले दाखव त्यायले." त्या उठल्या. शिकाऊ लायसन कपाटात केव्हाचं पडून होतं. "अजी, चाबी द्या."

"खरी गाडी बुडते बरं," लीलाधर म्हणाले. पण चाबी दिली आणि सोबतही निघाले.

बोदलकसा तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, चढणारा रस्ता अरुंद होता. चढाखाली लीलाधर उतरले आणि सुशिलाबाई स्टिअरिंगवर बसल्या. खुशबूने फोन समोर बसवला आणि बाजूला बसली. सुशिलाबाई अर्ध्या चढावर थांबल्या, हँडब्रेक ओढला. चाकामागे लावायला मोठा गोटा घेऊन लीलाधर मागून आले.

इथे इंजिन बंद पडलं, तर खेळातला नवा क्लच जाणार होता. आणि आई पुन्हा स्टिअरिंगला हात लावणार नव्हती.

सुशिलाबाईंचं क्लचवरचं पाऊल सावकाश वर आलं. इंजिनाचा आवाज जड झाला, बॉनेट किंचित उचललं. पाऊल तिथेच थांबलं. त्यांनी हँडब्रेक सोडला.

व्हॅन तसूभरही मागे आली नाही. मग पुढे निघाली. लीलाधर गोटा हातात धरून तिथेच उभे राहिले.

पाळीवरून खुशबूने व्हिडिओ पाठवला. लगेच फोन आला.

"ही बाई कोण?"

"माझी आई. तुमच्या खेळात शिकली."

"राहू दे क्लच. पण पहिला धडा म्हणून हाच चढ टाक."

पुढे शिव्या देणारेच आपापले चढ चढल्याचे व्हिडिओ पाठवू लागले. भरलेला ट्रक, ओला रस्ता, घासलेले टायर, खेळात नंतरचं सगळं त्या क्लचच्याच आधाराने आलं.

त्या दुपारी मात्र सुशिलाबाईंनी दार उघडून पाय खाली टेकवला आणि चटकन वर घेतला. मुरूम तापला होता. सवयीने चपला त्यांनी चढाखालीच, व्हॅनच्या बाहेर काढून ठेवल्या होत्या.

लीलाधर धापा टाकत वर येत होते. हातात गोटा नव्हता, चपला होत्या. वाकून त्यांनी त्या दारापाशी नीट जोडून ठेवल्या.

"घाल," ते म्हणाले आणि मागच्या सीटवर जाऊन बसले. "आता खाली बी तूच ने."