लिफ्टवाल्याच्या घरचे जिने

लिफ्ट दुरुस्त करणारा मिस्त्री आठव्या मजल्यावर राहायचा, आणि बावीस वर्षांत तो एकदाही जिन्यानं घरी गेला नव्हता. इमारतीची लिफ्ट त्यानं स्वतः राखलेली. काठोकाठ भरलेला चहाचा कप घेऊन आत शिरा, आठव्यावर पोचेपर्यंत चहावर साधी सुरकुती उठायची नाही. उलट साय धरायची, असं तो सांगे. आणि त्यातलं निम्मं तरी खरं होतं.

अशा माणसाच्या वाट्याला सासूबाईंचं तळं आलं.

तळं पवित्र, आणि चार हजार मीटर उंचीवर. सासरे होते तोवर दरसाल ‘पुढच्या वर्षी नक्की’ म्हणत राहिले आणि तसेच गेले. आता अडुसष्टाव्या वर्षी सासूबाईंनी कंबर कसली. यात्रेला नेणाऱ्या मंडळींचं पत्र आलं: पासष्टीपुढच्या माणसाबरोबर घरचं एक माणूस हवं, आणि आधी महिनाभर दोघांनी पाठीवर ओझं घेऊन रोज जिने चढावेत. बायकोचे गुडघे दुखरे. राहिला कोण? मिस्त्री.

त्यानं दहा दिवसांची रजा मागितली. साहेबांनी अर्ज ठेवून घेतला, सही केली नाही. “बघू,” एवढंच म्हणाले. सही झाली नाही तर तळं पुन्हा पुढच्या वर्षावर जाणार, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

सराव सुरू झाला. दोघांच्या पाठीवर पाच-पाच किलो बटाटे. तिसऱ्या मजल्यावर मिस्त्रीची जीभ बाहेर आली ती दुपारपर्यंत आत गेली नाही. सासूबाई मात्र रोज त्याच्या आधी आठव्यावर हजर, घामाचा टिपूस नाही. चौथ्या दिवशी त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. बाई चौथ्या मजल्यापर्यंत चढायच्या आणि पुढं गुपचूप लिफ्टनं जायच्या.

“आई, हे काय चाललंय?”

“जावईबापू, तुमची लिफ्ट इतकी गुणाची. तिला टाळून जायला जीव होत नाही हो.”

“तळ्यापर्यंत मी लिफ्ट बसवलेली नाही!”

“बावीस वर्षं मिळाली होती तुम्हाला. बसवायची होतीत.”

मिस्त्री चिडला, आणि सवयीनं हात गेला तो हत्यारांच्या पिशवीत. ‘काम चालू आहे, लिफ्ट वापरू नये’ अशी कंपनीची लाल पाटी काढून त्यानं चौथ्या मजल्याच्या दाराला अडकवली. फक्त चौथ्या मजल्याला, फक्त सासूबाईंसाठी.

पण लोकांना काय माहीत? त्यांनी पाटी पाहिली, आणि लिफ्टचा मिस्त्रीच पाठीवर पोतं घेऊन जिन्यात धापा टाकताना पाहिला. झालं! हाच जर लिफ्टमध्ये बसत नाही, तर आत काहीतरी भयंकर असणार. अख्खी इमारत जिन्याला लागली. “अहो, लिफ्ट ठणठणीत आहे!” असं मिस्त्री ज्याला त्याला सांगे, पण जिन्यातच, कठड्याला धरून, तुटक तुटक. कोण विश्वास ठेवणार? पंधरा दिवसांत सहाव्या मजल्यावरचे मास्तर इतके वाळले की त्यांच्यावर विजार एका हातानं धरायची वेळ आली. तिकडं लिफ्टला इतकं एकटं वाटू लागलं की एखाद्या दुपारी ती आपणहून एक फेरी मारून यायची.

तिसऱ्या आठवड्यात कोणीतरी कंपनीकडं तक्रार केली. साहेब जातीनं आले. निघायला पाच दिवस उरले होते. मिस्त्रीला वाटलं, गेली रजा.

साहेब लिफ्टचं बटण दाबायला गेले तर पहारेकऱ्यानं हात धरला. “जिवावर उदार झालात का साहेब?” मग तेही जिन्यानं निघाले. सहाव्यावर बूड टेकून बसले असताना बटाट्याचं ओझं घेतलेल्या सासूबाई आल्या. “सरक रे बाळा, मागून माणसं येतायत,” म्हणाल्या आणि दोन-दोन पायऱ्या टाकत दिसेनाशा झाल्या.

वर यंत्राच्या खोलीत साहेबांनी सगळं तपासलं. ब्रेक उत्तम, दोर उत्तम. फेऱ्यांचा आकडा पाहिला: पाटी लागल्यापासून अकरा.

“त्यातल्या चार माझ्या,” सासूबाई प्रामाणिकपणे म्हणाल्या.

“मग पाटी कशाला, मिस्त्री?”

मिस्त्रीनं खरं ते सांगून टाकलं. दारात इमारतीतली मंडळी गोळा झाली होती. त्यांतून मास्तर विजार सावरत पुढं आले.

“साहेब, याला आधी रजा द्या. हा असेपर्यंत जिन्यात दिसणार, आणि हा जिन्यात दिसला की माझी बायको काही लिफ्टमध्ये पाय ठेवत नाही.”

“खरंय! घालवा त्याला!” मागून चार जण ओरडले.

साहेबांनी मिस्त्रीकडं पाहिलं. मग मिस्त्रीला वाकवलं, पाठीवर खिशातला अर्ज ठेवला आणि सही ठोकली.

“दहा नको, बारा दिवस जा. वापरलीच नाही ती लिफ्ट बिघडणार कुठली? पण ती पाटी काढा, आणि मला लिफ्टनं खाली सोडा.”

तीन आठवड्यांत पहिल्यांदा मिस्त्रीचा श्वास पार पोटापर्यंत गेला. त्याच्या बायकोनं घराच्या दारातूनच विचारलं, “अहो, झाली का सही?” तो नुसताच हसत सुटला. साहेबांना खाली सोडून तो लिफ्टच्या दारातच टेकला, आता तासभर हलायचं नाही असं ठरवून.

जिन्यातून पावलं वाजली. सासूबाई पुढच्या फेरीला सज्ज होऊन उभ्या होत्या.

“चला जावईबापू. सहीची शाई वाळेपर्यंत एक फेरी सहज होईल.”