साडेपाच ते साडेसहा, घरी

नाव

मुबीना जब्बार शेख. वय एकोणतीस. खेळ : मॅरेथॉन.

फॉर्म मोबाइलवर असतो. दर तीन महिन्यांनी भरायचा. रात्री कुठे झोपणार, सराव कुठे करणार, आणि रोजचा एक तास असा, की त्या तासात तपासणीवाले न कळवता आले तर ती तिथे सापडलीच पाहिजे. औषधं घेऊन पळत नाही ना, एवढंच त्यांना बघायचं असतं. बारा महिन्यांत तीनदा सापडली नाही, तर दोन वर्षं बंदी.

मुबीना दोनदा सापडली नव्हती. दोन्ही वेळा ती घरातच होती.

पत्ता

गादीवाल्या जब्बारचं घर, वरवट बकाल, तालुका संग्रामपूर. घराला नंबर नाही आणि आजवर कुणाला तो लागलाही नाही. कुणालाही विचारा, दारात आणून सोडतील.

घोळ तिथेच झाला. त्यांनी विचारलं.

फेब्रुवारीत समोरची रुक्मिणीबाई अंगण झाडत होती. गाडीतून एक अनोळखी माणूस उतरला, मागून एक बाई, आणि त्याने बिनलग्नाच्या पोरीचं नाव घेऊन घर विचारलं. अशा माणसाला या गल्लीत एकच उत्तर मिळतं. पोरगी नाही इथं, नांदुऱ्याले गेली, आठ दिवस तं काही येत नाही. घर कोणतं म्हणाल तर ते काय, कुलूप दिसते ते. कुलूपवालं घर रुक्मिणीबाईच्या दिराचं होतं. दोघं तासभर त्या दारासमोर उभे राहिले. मुबीना पलीकडे स्वतःच्या गच्चीवर पाय ताणत होती.

ऑगस्टमध्ये ते बरोबर दारात आले. दार जब्बारने उघडलं. ओळखपत्र त्याने उलटंसुलटं करून पाहिलं, परत दिलं आणि पोरगी जळगाव जामोदला खालाकडे गेल्याचं सांगितलं. ती मागे न्हाणीत होती. माणसं तासभर गाडीत थांबली, दोनदा पुन्हा दार वाजवलं, जब्बारने दोन्ही वेळा तेच सांगितलं. शब्दाचा पक्का माणूस.

मुबीनाने तपासणीवाल्यांच्या वरिष्ठांना लिहून कळवलं की माझे वडील खोटं बोलले. उत्तर आलं : सापडणं ही खेळाडूची जबाबदारी आहे.

रात्रीचा मुक्काम

अनंत सरांनी सांगितलं, पुण्याला जा. होस्टेल आहे, गेटवर रजिस्टर आहे, दाराला नंबर आहे. जानेवारीतल्या निवड शर्यतीपर्यंत तरी तिथे राहा. सरांनी तिला चौदाव्या वर्षी तालुक्याच्या स्पर्धेत अनवाणी तीन हजार मीटर पळताना पाहिलं होतं आणि तेव्हापासून तिचं प्रत्येक मिनिट वहीत ठेवलं होतं. दोन तास छत्तीस मिनिटं. देशात पहिल्या पाचांत. एकोणतिसाव्या वर्षी दोन वर्षांची बंदी म्हणजे काय, हे त्यांना वहीत लिहायची गरज नव्हती.

ती म्हणाली, हे छत्तीस मिनिटांचे पाय जामोदच्या रस्त्यावर झाले, सातपुड्याच्या चढावर झाले. दोनदा खोटं दुसरे बोलले. गाव मी काऊन सोडू?

सर म्हणाले, मग त्यांना खरं सांग.

पण खरं तिनेही सांगितलं नव्हतं. आतापर्यंतच्या तपासण्या शर्यती संपल्यावर, परक्या शहरांतल्या स्टेडियममध्ये झाल्या होत्या. घरी विचारलं की ती म्हणे, कागदपत्रं बघतात.

बदल असल्यास कळवा

बदल नाही.

खरं

शुक्रवारी संध्याकाळी, गाद्यांची गिऱ्हाइकं गेल्यावर, तिने घरातल्याच दुकानाच्या पायरीवर उभं राहून सांगितलं. आत जब्बार होता, उंबऱ्यात अम्मी चांदबी, समोर रुक्मिणीबाई आणि पाण्याला आलेल्या चार बाया. आवाज तिने मुद्दाम खाली घेतला नाही.

"ते लोक लघवी घ्यायले येतात. माही. त्यातली बाई माह्यासंगं आत येते आन् डोळ्यानं पाह्यते. तसा नियम हाय. आता तिसऱ्यांदा कोणी मले नाही म्हणलं, तर माहं पळणं संपलं."

एका बाईची बादली भरून वाहत होती, तिला ते कळलं नाही. चांदबीने पदर तोंडाला लावला. जब्बारच्या हातातली रुई हातातच राहिली. पोरीने बापासमोर, भर गल्लीत, हे बोलावं? तो म्हणाला, ही गोष्ट माझ्या दारात होणार नाही.

"मंग दाराच्या बाहेर बसतो मी," मुबीना म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिने ऑइलपेंटचा डबा आणला. भिंतीवर ‘जब्बार गादीवाला’ लिहिलं होतं, त्याच्या शेजारी तेवढ्याच मोठ्या अक्षरांत लिहिलं : मुबीना शेख, धावपटू. घरी आहे. आणि रोज पहाटे साडेपाचला बाज गल्लीच्या मधोमध टाकून ती अर्ध्या चड्डीत, पाय पसरून बसू लागली. दूधवाल्याला मोटारसायकल वळवून न्यावी लागे. टिंगल झाली. कुणी विचारलं, दुकान कशाचं टाकलं बाई? ती म्हणाली, थांबा, गिऱ्हाईक येऊ द्या.

जब्बार तिच्याशी बोलायचा बंद झाला. निरोप चांदबीच्या हाती येत : अब्बा म्हणतात, पाय तरी झाक. निरोप जाई : अब्बांना सांग, पायांनीच पळतात.

तिसरी खेप

बाविसाव्या दिवशी, सहाला दहा कमी असताना गाडी आली. यावेळी दोघीही बाया. एकीने काच खाली करून रुक्मिणीबाईला विचारलं. रुक्मिणीबाई त्या मोठ्या अक्षरांखालीच झाडत होती, मुबीना तिच्यापासून दहा हातांवर.

"नाही ती इथं, नांदुऱ्याले..." इतकं निघून गेलं. मग तिने खराटा टाकला आणि स्वतःच्या तोंडावर हात मारला. "हाये हो बाई, हाये. ते काय बसली."

मुबीना उठली. बाज तिने उचलली नाही.

पुढची कामं दुकानातच झाली. ओळखपत्र, सह्या, पाकिटातले पेले. एक बाई तिच्यामागे न्हाणीत गेली. जब्बार भिंतीकडे तोंड करून गादीला टाके घालत राहिला. पाच मिनिटांत दोघी बाहेर आल्या. नव्वद मिलिलिटर लागतं, चाळीस झालं होतं. म्हणजे थांबायचं. आणि तोवर ती बाईच्या नजरेआड जायची नाही.

चांदबी म्हणाली, आत बसा, पडदा ओढते. मुबीना बाहेर आली. गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायला लागली, मागे ती सरकारी बाई पर्स सांभाळत. दारादारांतून माणसं उभी होती. सात वाजले. साडेसात झाले. अनंत सरांचा फोन आला, सराव सुरू केला का म्हणून. तिने भर गल्लीत मोठ्याने सांगितलं, "नाही सर. लघवी होऊन नाही राह्यली."

कुणीतरी खिदळलं. जब्बारने सुई गादीत खोचली, तांब्या भरला आणि तीन आठवड्यांत पहिल्यांदा उंबरा ओलांडून तिच्यासमोर आला. खिदळणाऱ्याकडे त्याने एकदा पाहिलं.

"पी, बेटा," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "दोन तांबे पी. घाई कोनाले हाय?"

नऊला झालं. बाटल्यांना सील लागलं. निघताना बाईने सांगितलं की आम्ही परत कधीही येऊ शकतो, उद्यासुद्धा. मुबीना बुटांच्या नाड्या बांधत होती.

"या की. रोज या."

ऊन वर आलं होतं. त्या दिवशी वहीत तीस किलोमीटर होते, आणि सरांनी फोनवर सांगितलं, आज राहू दे, आता चटके बसतील. तिने फोन अब्बांच्या हातात दिला आणि जामोदच्या रस्त्याला लागली.