उमाकांतच्या ओट्यावरचा लाल दिवा

उमाकांतच्या ओट्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. अर्धा गाव खांडबाऱ्याचा बाजार सोडून तिथं थांबला होता. अंगात येणारे, लिंबू कापणारे सगळ्यांनी पाहिले होते. हा मीटरबाबा नवीन होता. घराच्या लाइटच्या मीटरमधून डाकीण शोधायचा.

आत खाटेवर उमाकांतची पोर रविना तापानं फणफणत पडली होती. बाहेर भिंतीवरच्या मीटरला कुंकू फासलेलं. बाबानं मीटरच्या काचेवर बोट ठेवलं.

"हाऊ आकडा दखा. पन्नास. शंभरमांतला पन्नास. पोरनं अर्धं आयुष्य खाई टाकं कोनीतरी. आते डाकीन समोर उनी का हाऊ लाल दिवा पळस."

डाकीण समोर आली की दिवा पळणार, हे ऐकून लोकांनी हात जोडले. गर्दीत सुषमा उभी होती, तिनं तेवढे जोडले नाहीत. तिचा नवरा योहान ऊसतोडीला गुजरातेत गेलेला, घरी ती आणि सासू हिरीबाई. दोघींचं पटत नव्हतं, हे सगळ्या गावाला पाठ होतं. पण आज सासूचंच नाव आलं होतं. मागच्या आठवड्यात हिरीबाईनं रविनाला पेरू दिला होता. बाबाचा चेला सकाळपासून घरोघरी चहा पीत कोणी काय दिलं ते विचारत फिरत होता, त्याला तेवढं पुरलं. डाकीण ठरली की गाव सोडायचं, हे पंचांनी आधीच ठरवून टाकलेलं.

एकेक बाई मीटरसमोर उभी राहिली. जसोदाबाई राहिली, आशा राहिली. लाल दिवा सावकाश लुकलुकायचा, बघणाऱ्याला जांभई येईल इतका सावकाश.

मग हिरीबाई आली. बाबा चेल्याला म्हणाला, "जाय रे, आतून धूप लई ये."

चेला आत गेला. बाबा घुमायला लागला आणि दिवा पळायला लागला. टक टक टक टक. बायका मागं सरकल्या. जसोदाबाईनं पोराला पदराआड घेतलं, चाळीस वर्षांची मैत्रीण असून.

"मी काय केलं गं?" हिरीबाई सुनेकडं बघून म्हणाली.

सुषमाचं लक्ष वर होतं. ओट्यावरचा बल्ब मंद झाला होता. पंख्याचा आवाज बसला होता. हे तर रोज सकाळी तिच्या घरी होत होतं. ती अंघोळीच्या पाण्यात रॉड टाकायची, बल्ब मंद व्हायचा, आणि सासू मीटरखाली बसून ओरडायची, "काढ तो रॉड, दिवा पळतोय, बिल तुझा बाप भरेल का?" रोजचं भांडण ते.

ती कोणाला न विचारता आत घुसली. चेला आडवा आला. "बाबांच्या अंघोळीचं पाणी आहे, ताई."

"भर दुपारी? देवानं सांगितलं का?"

मागच्या खोलीत बादली, बादलीत रॉड, पाण्याला वाफ. सुषमानं बटण बंद केलं आणि तिथूनच ओरडली, "जसोदाकाकू, दिवा बघा. सासू अजून समोरच आहे ना?"

"समोरच आहे गं," जसोदाबाईचा आवाज आला. "दिवा हळू झाला."

"आता तिला बाजूला करा आणि बाबाला उभं करा."

बाबा नाही म्हणत होता. आशानं त्याचा दंड धरून त्याला उभं केलं. सुषमानं बटण चालू केलं. दिवा पुन्हा पळाला.

"अरे, बाबाच डाकीण निघाला," कोणीतरी म्हणालं आणि ओटा हसला.

"पण पन्नास?" उमाकांतनं विचारलं.

"शेजारी जाऊन बघ, दादा. माझ्या मीटरवर पण तेच येतं. सासूला तो युनिटचा भाव वाटायचा."

पोरं पळाली. या घरी पन्नास, त्या घरी पन्नास, एका घरी एकोणपन्नास पूर्णांक नऊ. येणारच. तारेतली वीज सेकंदाला पन्नास वेळा पुढं-मागं होते, सगळ्यांना सारखीच. मीटरच्या आत नखाएवढी चिप असते. ती हे हेलकावे मोजून तोच आकडा मीटरवर दाखवते, विजेचा दाब आणि करंट एका तालात चालतात की मागं-पुढं तेही बघते, त्यावरून वीज किती खर्च झाली ते काढते. ठरावीक वीज खर्च झाली की दिवा एकदा लुकलुकतो. रॉड जास्त खातो, म्हणून दिवा पळतो. समोर कोण बाई उभी आहे, हे चिपला कळत नाही.

बाबा मोटरसायकलवरून पसार झाला. सुषमा बायकांकडं वळली.

"तुमच्या घरी रॉड लावला की दिवा पळत नाही?"

ती जसोदाबाईसमोर जाऊन उभी राहिली.

"काकू, तुम्ही सांगा."

"पळतो," जसोदाबाई जमिनीकडं बघत म्हणाली. "मी पण पोरांना ओरडते."

"मग मघाशी तोंड का उघडलं नाही?"

"बाबासमोर कसं बोलायचं?"

म्हणजे सगळ्यांना माहीत होतं. एका म्हातारीला गावाबाहेर काढायला निघाले होते, आणि सगळ्यांना माहीत होतं.

संध्याकाळी रविनाला नवापूरच्या दवाखान्यात नेलं. टायफॉइड निघाला. डॉक्टर उमाकांतला एवढंच म्हणाले, "इतके दिवस काय बघत होतात?"

हिरीबाईची माफी कोणी मागितली नाही. दुसऱ्या दिवशी ती हापशीवर गेली, तर दोन बायकांनी आपले हंडे उचलून लांब ठेवले. बाबा खोटा निघाला, पण डाकीण असतेच, असं त्या बोलत होत्या.

नसते. पोर तापलं तर दवाखान्यात न्या. आणि कोणी बाईकडं बोट दाखवलं, तर हात जोडायच्या आधी मागच्या खोलीत जाऊन या. तिथं काय चालू आहे ते तुम्हालाही ओळखता येतं.