काकू घोडीचं खोगीर

मी एक जुनं खोगीर आहे. हसलात ना? खोगीरभरती म्हणजे निरुपयोगी भरणा, असं तुम्हाला शिकवलेलं आहे, ठाऊक आहे मला. पण मित्रांनो, माझ्या पोटातली भरती अस्सल लोकरीची आहे. माझ्यावर बसून कितीतरी मुलं तोल सावरायला शिकली. एक मुलगी मात्र शिकता शिकता राहिली. ती आठवली की आजही जीव थोडा थोडा होतो.

एका म्हाताऱ्या कारागिरानं मला शिवलं. मऊ लोकरीचे थर, वर जाड कापड आणि पुढे धरायला चामड्याची एक मूठ. मागे टेकायला काहीच नाही. "हे काय बाई उघडंबोडकं!" असं त्याची बायको म्हणाली होती. पण मला जिथे जायचं होतं, तिथलं कामच वेगळं होतं. त्या तबेल्यात चालता न येणारी, तोल न राहणारी मुलं घोडीवर बसायला येत. घोडी चालू लागली की वर बसलेल्याची कंबर हलते, अगदी माणूस चालताना हलते तशी. जे मूल कधी चाललेलं नाही, त्याच्याही अंगाला चालणं कळू लागतं. म्हणून मध्ये माझ्यासारखंच पातळ आणि मऊ काहीतरी लागतं.

आमच्या घोडीला सगळे काकू म्हणत. ती कधी घाई करायची नाही आणि कुणी लाडात आलं की नाक मुरडायची.

चिमी आली तेव्हा लहान होती. तिची पाठ तिला ताठ धरवत नसे. घरी तिला पट्ट्यानं खुर्चीला बांधून बसवत. पट्ट्याशिवाय सगळ्यांबरोबर जेवायला बसायचं, एवढंच तिला हवं होतं. तिनं ते शिकवणाऱ्या ताईंना पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. सुरुवातीला ती काकूच्या मानेवर लोळायची. दोन्ही बाजूंनी चालणारे दोन दादा तिला धरून असायचे. मग हळूहळू त्यांचे हात सुटत गेले. मला ते सगळ्यांच्या आधी कळायचं. तिची कंबर डावीकडे कलायची, जरा थांबायची आणि आपली आपण मध्ये यायची. काय आनंद व्हायचा म्हणून सांगू!

एके दिवशी काकू शिंकली आणि चिमी घसरली. दादानं तिला वरच्यावर झेललं. चिमी तर खिदळत होती, पण कुंपणाशी उभ्या असलेल्या तिच्या बाबांच्या तोंडचं पाणी पळालं.

बाबा गाड्यांच्या सीटा शिवायचे. त्यांनी रात्रंदिवस खपून लेकीसाठी उंच पाठीचं, दोन्ही बाजूंना उशा असलेलं आसन बनवलं.

"इतका आधार नको हो," ताई म्हणाल्या. "तिचा तोल तिलाच सापडू दे."

"आणि पडली तर तिच्या आईला तुम्ही तोंड देणार का? यावर बसवणार असाल तर आणतो. नाहीतर राहू दे."

अजिबात न येण्यापेक्षा हे बरं, असं म्हणून ताईंनी नाइलाजानं मान डोलावली. मी खुंटीवर गेलो.

आता चिमी राणीसारखी ताठ बसू लागली. येणारे-जाणारे कौतुक करायचे. बाबांची छाती फुगायची. हळूहळू ताईसुद्धा बोलायच्या थांबल्या. मित्रांनो, ताठ होतं ते आसन! चिमी त्यात नुसती ठेवलेली होती. पण खुंटीवरच्याचं कोण ऐकतो? माझ्यावर धूळ साचत राहिली.

बऱ्याच महिन्यांनी त्या जड आसनामुळे काकूच्या पाठीला जखम झाली. ती भरल्यावर ताईंनी आसन बाजूला ठेवलं आणि मला झटकून घोडीवर घातलं. चिमीला वर बसवून दादांनी सवयीनं हात काढले. ती ओल्या टॉवेलसारखी कलंडली. तिला धरून पुन्हा बसवलं, पुन्हा तेच. आता कंबर मध्ये येईल, आता येईल, म्हणून मी वाट पाहत होतो. ती आली नाही.

चिमी रडली नाही. कुंपणाकडे बघून तिनं विचारलं, "बाबा, मला येत होतं ना बसायला?"

"येत होतं, बाळा," बाबा म्हणाले आणि खाली मान घालून उभे राहिले.

आता बाबा स्वतः तिच्या बाजूनं चालतात. ती कलली की त्यांचा हात पुढे जातो आणि ते तो मागे घेतात. पण चिमी अंगानं वाढली आहे आणि काकू थकली आहे. चिमीचं वजन तिला फार दिवस पेलवणार नाही, हे ताईंनी सांगून ठेवलंय. गेलेले महिने कुठून आणायचे?

मित्रांनो, तुमच्या घरी, वर्गात कुणी धडपडत काही शिकत असेल, तर जवळ उभे राहा. पण लगेच धरू नका. त्याला जरा कलू द्या.